ॲग्नेस कुबेनाचा शॉर्टस्टॉप

बेसबॉलच्या मैदानाभोवती जमणाऱ्या पुरुषांइतकी निकामी जमात देवाने दुसरी घडवली नसेल, असं ॲग्नेस कुबेनाचं मत होतं, आणि ते तिने ऐकीव माहितीवर बनवलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं ती त्या लोखंडी बाकांवर बसत आली होती. आधी भावासाठी, मग जो पुढे नवरा झाला त्याच्यासाठी, मग पोरासाठी. टेक्सासच्या उन्हात ते बाक तव्यासारखे तापायचे. त्यावर पोटं सुटलेले बाप्ये सूर्यफुलाच्या बिया चघळत बसायचे, टरफलं थुंकायचे आणि एकोणीस वर्षांच्या पोराने काय करायला हवं होतं ते एकमेकांना समजावून सांगायचे. यातल्या एकालाही स्वतःच्या घरचा नळ दुरुस्त करता येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. व्हेसेली गावच तेवढं लहान. कुणाचा नळ गळतो ते सगळ्यांना ठाऊक.

ॲग्नेस मांसाच्या दुकानात सॉसेज बांधायची. पहाटे चारला कामावर, दुपारी बाराला सुट्टी. आतड्यात भरलेलं मांस एका हाताने पिळायचं, दुसऱ्या हाताने दोरीचा फास टाकायचा, की पुढचं. बोलता बोलता, भांडता भांडता हे चालायचं. माणसाची पारख ती हातांवरून करायची, आणि बहुतेक माणसं तिच्या परीक्षेत नापास व्हायची.

तिचा भाऊ जेरोम अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये निवडला गेला होता. दर उन्हाळ्यात धंदेवाईक क्लब देशभरातली पोरं पाळीपाळीने उचलतात, त्यात. गावाने बँड लावून त्याला निरोप दिला. क्लबाने त्याला तीन उन्हाळे कुठल्या कुठल्या गावांतून बसने फिरवला. चौथ्या उन्हाळ्याच्या तोंडावर उजव्या हातावर चेंडू बसून दोन बोटं वाकडी झाली, तेव्हा एका पानाचं पत्र पाठवून क्लब मोकळा झाला. जेरोम आता काउंटीच्या रस्त्यांवर डांबर टाकतो. त्याच्या तोंडून बेसबॉलबद्दल कधी चकार शब्द निघत नाही, आणि म्हणूनच सबंध गावात ॲग्नेसला त्याच्याशी बोलावंसं वाटतं.

असं असूनही पोटी आला तो शॉर्टस्टॉपच.

लेलँड सात वर्षांचा असताना शाळेला सुट्टी लागली की ती त्याला दुकानात घेऊन जायची. तो मागच्या विटांच्या भिंतीवर चेंडू फेकायचा, परत आलेला अडवायचा, पुन्हा फेकायचा. चार-चार तास. आत सॉसेज बांधता बांधता तिला भिंतीवर आपटलेल्या चेंडूचा आवाज यायचा. मग काहीच नाही. मग पुन्हा भिंत. त्या मधल्या शांततेने तिचं लक्ष वेधलं. दुसऱ्या पोरांच्या हातात चेंडू थाडकन बसतो. याच्या हातात तो नुसता यायचा, झोपलेलं पोर कुशीत घ्यावं तसा. एकदा ती हात पुसत दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नवऱ्याने भिंतच विकत घेतली असती.

नवरा, म्हणजे ऑल्विन, पशुखाद्याचा ट्रक चालवायचा. तो शाळेत असताना तीन सामने बरे खेळला होता आणि त्या तीन सामन्यांवर त्याची आयुष्यभराची बडबड चालली होती. चेंडूचा वेग मोजायचं यंत्र त्याने पोर नऊ वर्षांचं असतानाच आणलं. आणि त्याची ती सवय! पोराने काही केलं की म्हणायचा, "आम्ही."

"आम्ही काल चार वेळा पोचलो बेसवर," तो दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाला.

"आम्ही कोण?" ॲग्नेस आतून ओरडली. "तू खुर्चीवरून लघवीला उठलास तेवढाच धावलास."

शॉर्टस्टॉपची जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या ठाण्यांच्या, मधली. बॅटला लागलेले सगळ्यात जास्त चेंडू तिकडेच येतात, तेही उसळते, सरपटते, वाकडे. ते अडवून लांब पहिल्या बेसवर फेकायला दोन श्वासांचाही वेळ मिळत नाही. लेलँडला ते श्वास घेण्याइतकं सहज जमायचं. पण मोठ्या विद्यापीठांचे कोच यायचे, पोराकडे पायापासून बघायला लागायचे आणि डोक्यापर्यंत फार लवकर पोचायचे. पाच फूट नऊ इंच. "हात सुंदर आहेत," म्हणायचे आणि गाडीत बसायचे. शेवटी दीड तासावरच्या एका लहान कॉलेजने त्याला घेतलं, कारण त्यांचा शॉर्टस्टॉप ऐन ऑगस्टमध्ये दुसऱ्या कॉलेजात पळाला होता. कोचने फोनवर विचारलं, "तुमचा मुलगा मोकळा आहे का?"

"ट्रॉली भाड्याने मागावी तसं विचारतोय," ॲग्नेस म्हणाली, पण पोराची बॅग तिनेच भरली.

पहिल्या वर्षी कॉलेजच्या पुस्तिकेत लेलँडची उंची पाच फूट अकरा छापून आली. ॲग्नेसने ते वाचलं आणि कोचबद्दलचं उरलंसुरलं मत उरकून टाकलं. जो माणूस दोन इंचांसाठी खोटं बोलतो तो मोठ्या गोष्टीसाठी काय करेल!

दुसऱ्या वर्षी मात्र पोराचे खांदे भरले आणि बॅटवरून चेंडू असे सुटायला लागले की कुंपणाजवळ टोप्या दिसू लागल्या. ते क्लबांचे पारखी. हातात वेळ मोजायची घड्याळं, खिशात वह्या, चेहऱ्यावर असा भाव की समोर पोरं खेळत नसून गुरांचा बाजार भरलाय. एकमेकांशी बोलायचे नाहीत, एकमेकांच्या वह्यांत मात्र डोकवायचे. आणि त्यांच्या पाठोपाठ, मांसावर माशी यावी तसा, रॉइस टिडवेल आला.

टिडवेल ह्यूस्टनकडचा. त्याला एजंट म्हणायला कॉलेजच्या नियमांत बंदी होती म्हणून तो स्वतःला "कुटुंबाचा सल्लागार" म्हणवायचा. शहामृगाच्या कातड्याचे बूट, आणि हात इतके मऊ की हस्तांदोलन केल्यावर ॲग्नेसला आपला हात पुसावासा वाटला. त्याने कुबेनांना महागड्या हॉटेलात जेवायला नेलं. गायीच्या मांसाचा तुकडा बघताच ॲग्नेस म्हणाली, "हे जनावर म्हातारं होतं."

"मिस ॲग्नेस, तुमचा मुलगा दुसऱ्या फेरीतला माल आहे," टिडवेल म्हणाला. "जास्तीत जास्त तिसऱ्या. फक्त थोडं पॅकेजिंग करायला हवं."

"तो डुकराचा पाय आहे का?"

ऑल्विनने तिला टेबलाखालून लाथ मारली. लेलँड हसला नाही, आणि हेच ॲग्नेसला खटकलं. एरवी असल्या वेळी ती दोघं एकमेकांकडे बघायचीसुद्धा नाहीत, बघितलं तर हसू फुटायचं. त्या दिवशी पोरगं टिडवेलच्या तोंडाकडे बघत होतं, चर्चमध्ये बघावं तसं.

टिडवेलचं म्हणणं साधं होतं. सुंदर हातांना भाव नाही. चेंडू कुंपणापलीकडे मारणाऱ्याला भाव आहे. लेलँडने बॅट फिरवायची पद्धत बदलायची, जोरात आणि वर मारायचं, चुकलं तर चुकलं. लेलँडने ते ऐकलं. गळ्यात साखळी आली. प्रत्येक फटक्यानंतर तो बाकावर येऊन फोनमध्ये चेंडूचा वेग बघायला लागला.

तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत पारखी घरी यायला लागले. पोरगं कसं आहे ते बघायला घर बघतात म्हणे. एकाने ऑल्विनला कोट काढून खांदे दाखवायला सांगितलं आणि या हुशार माणसाने ते दाखवलेही. दुसऱ्याने ॲग्नेसला विचारलं, "तुमचे वडील किती उंच होते?"

"चर्चच्या मागे पुरलेत," ती म्हणाली. "फूटपट्टी घेऊन जा."

तिसरा तिशीतला पोरगा होता. त्याने लेलँडसमोर दोनशे प्रश्नांची परीक्षा ठेवली. चारचौघांत तुझा अपमान झाला तर तुला काय वाटतं: अ, ब, क, ड. ॲग्नेस भांडी घासता घासता ऐकत होती. हा प्रश्न मला विचारा, तिच्या मनात आलं; माझा तर रोजच होतोय.

सगळ्यात शेवटी आला तो परव्हिस हॅमॉक. पासष्टीचा, एका कानाने कमी ऐकणारा, बुटाचा तळ दोरीने बांधलेला. दारात उभा राहिला तसा ॲग्नेसने त्याला ओळखला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच माणसाने जेरोमचं नाव क्लबाला लिहून दिलं होतं. तेव्हा केस काळे होते एवढाच फरक.

"अजून मेला नाहीस?" ती म्हणाली.

"नाही, बाई. प्रयत्न चालू आहेत." टोपी काढून तो आत आला. त्याने उंची विचारली नाही, परीक्षा घेतली नाही. लेलँडला म्हणाला, "हात दाखव." तळवे उलटे-सुलटे करून बघितले. मग ॲग्नेसकडे वळून विचारलं, "हात आहेत. डोकं कसं आहे?"

"डोकं बापावर गेलंय."

हॅमॉकने ते वहीत लिहून घेतलं. ऑल्विनला वाटलं स्तुती झाली.

जाताना तो म्हणाला, "जेरोम कसा आहे?"

"तुला काय करायचंय? त्याची बोटं मोजायचीत?"

म्हाताऱ्याने टोपी घातली आणि तो गेला. त्या वसंतात तो सात वेळा सामन्याला आला. ॲग्नेस त्याला दुरून बघायची, आणि तिला त्याचा राग इतक्या जुन्या सवयीने यायचा की तो खरंच येतोय की नाही हेही तिला कळेनासं झालं.

मार्चच्या एका शनिवारी लेलँडसमोर एक साधा चेंडू आला. साधा म्हणजे त्याने सातव्या वर्षी डोळे मिटून अडवला असता असा. तो ग्लोव्हच्या काठाला लागून सटकला आणि समोरच्या संघाची दोन पोरं धावून गेली. असं होतं, ॲग्नेसला त्याचं काही वाटलं नाही. पण लेलँडने काय केलं? त्याने ग्लोव्ह वर धरला, त्याच्याकडे भुवया उंचावून बघितलं, बोटांनी त्याची दोरी ओढून पाहिली. चूक ग्लोव्हची आहे हे कुंपणाजवळच्या टोप्यांना कळावं म्हणून. पुढच्या डावात स्वतः मारलेला चेंडू सरळ समोरच्या संघाच्या हातात जाणार हे दिसल्यावर तो पहिल्या बेसपर्यंत धावलासुद्धा नाही. चार पावलं चालला आणि वळला.

सामन्यानंतर तो बॅग घेऊन फाटकाशी आला. ऑल्विन टिडवेलशी बोलत होता. ॲग्नेस एकटीच उभी होती.

"ग्लोव्हकडे काय बघत होतास?" तिने विचारलं.

"आई, आज नको."

"नाही, मला सांग. ग्लोव्ह काय म्हणाला?"

"दोरी सैल झाली होती."

"दोरी? मला दोरी शिकवतोस? आणि पायांची पण दोरी सैल झाली होती का? तुझा मामा मोडक्या हाताने धावला होता पहिल्या बेसपर्यंत. हाडं बाहेर आलेली."

"आणि कुठे पोचला?" लेलँड म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट टिडवेलसारखा गुळगुळीत होता. "तुला यातलं काय कळतं, आई? तू सॉसेज बांधतेस."

ॲग्नेस त्याच्याकडे बघत राहिली. साखळी, केसांना लावलेलं काहीतरी चकचकीत, आणि मधे आपलंच नाक. या क्षणी तिला तो बाकांवरच्या बाप्यांपैकीच एक वाटला, फक्त पोट अजून सुटलेलं नव्हतं. त्यांची तिला किळस यायची. याची आली, आणि आपल्या पोराचीही ती येऊ शकते हे तिला कळलं. ती गाडीत जाऊन बसली. त्या हंगामात ती पुन्हा मैदानावर गेली नाही. ऑल्विन दर आठवड्याला आकडे सांगायचा, कुंपणापलीकडे मारलेले अठरा. हवेत बॅट फिरवून बाद झालेला किती वेळा, ते तो सांगायचा नाही, ते तिने वर्तमानपत्रात वाचलं.

जुलैत ड्राफ्ट आला. तीन दिवस, वीस फेऱ्या. ऑल्विनने अंगणात तंबू ठोकला, चर्चच्या सभागृहातून खुर्च्या आणल्या, मोठा टीव्ही लावला, अकॉर्डियनवाल्याला बोलावलं. साठ माणसं आली. सबंध रात्रभर धुरावर ठेवलेलं मांस, बटाट्याचं सॅलड, खसखस भरलेले गोड कोलाची पाव. ॲग्नेसने सगळं केलं, कारण आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं तिच्या रक्तात नव्हतं, मग तो कितीही नालायक असो.

पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या. टीव्हीवर कुणाकुणाची नावं घेतली जात होती, पोरं रडत होती, आया मिठ्या मारत होत्या. लेलँड नवा शर्ट घालून मधोमध बसला होता, फोन मांडीवर उताणा. टिडवेल सगळ्यांच्या पाठी थोपटत होता. दुसऱ्या फेरीच्या शेवटी म्हणाला, "इथं नेटवर्क येत नाही, जरा रस्त्यावर जाऊन बोलतो." त्याची गाडी रस्त्यावर गेली आणि तशीच पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी तीस माणसं आली. तिसरी फेरी गेली, पाचवी गेली, दहावी गेली. टिडवेल फोन उचलेना. ज्यांनी आदल्या दिवशी लेलँडबरोबर फोटो काढून घेतले होते ते आता ताटं घेऊन तंबूच्या कडेला सरकले होते आणि हवामानाबद्दल बोलत होते. मांस मात्र कुणी सोडलं नाही. कागदात बांधून नेलं.

तिसऱ्या दिवशी घरातली तिघं आणि अकॉर्डियनवाला, कारण त्याला तीन दिवसांचं सांगितलं होतं. ॲग्नेसने त्याला खायला घालून घरी पाठवला.

दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. लेलँड स्वयंपाकघरातच उभा होता. हॅमॉक बहिरा असल्यामुळे मोठ्याने बोलायचा; ॲग्नेसला शब्द न् शब्द ऐकू आला.

"पोरा, सोळाव्या फेरीत आमची पाळी आहे. दहा मिनिटं आहेत. येशील का?"

"सोळाव्या?" लेलँड म्हणाला.

"सोळाव्या. तुझ्या माणसाने सगळीकडे पैशाचा जो आकडा सांगितलाय त्याने तुझं नाव बाकीच्यांनी पुसून टाकलंय. मी अजून लिहून ठेवलंय. येशील का?"

"सोळाव्या फेरीत कुत्रंसुद्धा जात नाही," लेलँड म्हणाला आणि फोन ठेवला.

नंतर फोन वाजला नाही. विसाव्या फेरीचं शेवटचं नाव घेतलं गेलं, टीव्हीवर जाहिरात लागली. ऑल्विन उठला आणि टिडवेलला शिव्या द्यायला लागला. त्या चोराने आकडा फुगवला, त्या भामट्याने आपल्याला बुडवलं.

"आकडा त्याने नाही ठरवला, पप्पा," लेलँड म्हणाला. "मी ठरवला. तो म्हणत होता कमी सांगू."

ऑल्विन खाली बसला. मग ॲग्नेस म्हणाली, "तो म्हातारा तुझ्यासाठी सात वेळा आला होता. तुटक्या बुटाने. मला तो माणूस आवडत नाही. पण मी त्याच्यावर फोन आपटला नसता."

"तू तर त्याला मेला नाहीस का म्हणून विचारलंस."

"तोंडावर विचारलं."

लेलँड खोलीत गेला. दोन दिवस त्याने दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला ॲग्नेसने दार वाजवलं.

"दुकानात माणूस कमी आहे. बाहेर ये."

"आई, मी खेळाडू आहे."

"कुठल्या क्लबाचा?"

तो आला. तो सबंध उन्हाळा त्याने तिच्या शेजारी उभं राहून सॉसेज बांधले. पहिल्या दिवशी ॲग्नेसने शंभर बांधले तेव्हा त्याचे अकरा झाले होते, त्यातले चार सुटले. "हात सुंदर आहेत," ती म्हणाली, आणि शेजारच्या टेबलावरच्या बायका हसल्या. दुकानात येणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून मान हलवायचं. "सोळावी फेरी नको म्हणाला म्हणे," असं त्याच्या देखत कुजबुजायचं. ॲग्नेसने कुणाला गप्प केलं नाही. ऐकू दे, म्हणाली मनात. ऑल्विनने वेग मोजायचं यंत्र शेजारच्या गावच्या कुणाला तरी देऊन टाकलं आणि "आम्ही" म्हणणं सोडलं. तेवढा तरी फायदा झाला.

ऑगस्टच्या सुरुवातीला जेरोम दुकानात आला. डांबराने काळे झालेले हात, उजव्या हाताची दोन बोटं आकड्यासारखी वळलेली. त्याने भाच्याकडे बघितलं, समोरच्या सॉसेजांकडे बघितलं.

"मला क्लबाने पत्र पाठवून बाहेर काढलं होतं," तो म्हणाला. "तू आत न जाताच परत आलास. हे मी पहिल्यांदाच बघतोय."

लेलँडची मान खाली गेली. मग तो म्हणाला, "मामा, संध्याकाळी थोडे चेंडू मारशील का मला? जमिनीवरून. जुन्या मैदानावर."

जेरोमने पंचवीस वर्षांत बॅट हातात धरली नव्हती. "दगड आहेत त्या मैदानावर," तो म्हणाला.

"असू देत."

त्या संध्याकाळी ॲग्नेस गाडी घेऊन गेली, पण खाली उतरली नाही. काचेतून तिने बघितलं. जेरोम वाकड्या बोटांनी बॅट धरून चेंडू मारत होता. चेंडू दगडांवरून उडून पोराच्या छातीवर, हनुवटीवर बसत होते. तिने काच खाली केली. बॅटचा आवाज यायचा, मग कधी चेंडू अंगावर बसल्याचा, आणि कधी नुसतीच शांतता. शांतता वाढत गेली तशी ती गाडी वळवून घरी गेली.

चौथ्या वर्षी लेलँड पुन्हा त्याच कॉलेजात खेळला. कुंपणाजवळ टोप्या कमी होत्या. गेल्या वर्षीचा नाकारलेला पोरगा, त्यातून आता शेवटचं वर्ष; कुणाला त्याची गरज नाही आणि त्याला कुणाची तरी गरज आहे हे सगळ्या क्लबांना माहीत. साखळी गेली होती. कुंपणापलीकडे मारलेले नऊच, पण चुका तीन. हॅमॉक मात्र यायचा. एका सामन्याला ॲग्नेस कागदात गुंडाळलेला सॉसेज घेऊन त्याच्यापाशी गेली.

"खा. भुकेने मेलास तर लोक मला बोलतील."

"धन्यवाद, बाई."

"आणि हे लाच म्हणून नाही. मला तू अजूनही आवडत नाहीस."

"ते वहीत आहे," हॅमॉक म्हणाला आणि खायला लागला. मग घास तोंडात असतानाच बोलला, "जेरोमच्या वेळी मी त्याला म्हणालो होतो, तू जाशील वरपर्यंत. मला तसं वाटलं होतं. चुकलो. तुमच्या या पोराला मी काहीच सांगणार नाही."

ॲग्नेस आपल्या बाकावर परत गेली आणि शेजारचा बाप्या टरफलं थुंकत होता त्याच्यावर तिने राग काढला.

त्या जुलैत तंबू नव्हता, टीव्ही नव्हता. तिसऱ्या दिवशी लेलँड दुकानाच्या धुराच्या खोलीत मांस टांगत होता. फोन वाजला तेव्हा त्याचे हात चरबीने माखलेले होते, म्हणून ॲग्नेसनेच तो त्याच्या कानाला धरला. हॅमॉकच होता. अठरावी फेरी.

"येतो," लेलँड म्हणाला. "येतो, सर. थँक यू, सर."

"अठरावी," ॲग्नेस फोन खाली घेत म्हणाली. "गेल्या वर्षी सोळावी तरी होती. असंच चालू ठेवलंस तर पुढच्या वर्षी तूच त्यांना पैसे देशील."

पोरगं हसलं. पुढच्याच क्षणी त्याने ते चरबीने माखलेले हात बाजूला धरून तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि रडला. ॲग्नेस ताठ उभी राहिली. काही वेळाने म्हणाली, "मांस जळतंय."

ऑल्विनला सांगितलं तेव्हा तो ट्रकमधून उतरून रस्त्यावरच उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना. ॲग्नेसला लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्याबद्दल थोडासा आदर वाटला. दुसऱ्या दिवशी तो बोलायला लागला आणि तो आदर गेला.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेलँड अजून खेळतो. सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात केली, आता आयोवातल्या एका मक्याच्या गावाच्या संघात आहे. कधी शॉर्टस्टॉपला, कधी दुसऱ्या बेसला. बसने फिरतो, तिघांत एक खोली घेऊन राहतो. वर जाईल का? ऑल्विनला विचाराल तर पुढच्या वसंतात. हॅमॉक निवृत्त झाला, त्याला विचारायची सोय नाही. ॲग्नेसला दुकानात गिऱ्हाइकं विचारतात तेव्हा ती म्हणते, "एक माणूस काठीने चेंडू मारतो, दुसरा तो अडवतो. यापेक्षा वाईट कामंही लोक करतात. किती देऊ, दोन पौंड की तीन?"

फोनवर आयोवातल्या सामन्यांचं धावतं वर्णन ऐकता येतं. जेरोमने तिला ते लावून दिलं. दुपारचा सामना असला की घरी भाजी चिरताना ती फोन टेबलावर ठेवते आणि वैतागलेल्या तोंडाने ऐकते. वर्णन करणारा कुणी गार्विन नावाचा इसम आहे. पहिल्या आठवड्यात तो दर वेळी म्हणायचा, "शॉर्टस्टॉपला क्यूबाना." आठवडाभर तिने सहन केलं. आठव्या दिवशी तिने संघाच्या कचेरीचा नंबर शोधला आणि त्या माणसाला फोनवर बोलावून घेतलं.

"कु-बे-ना," ती म्हणाली. "तीन अक्षरं आहेत. मी त्याची आई बोलतेय. दिवसभर खुर्चीत बसून बोलायचं एवढंच तुझं काम आहे ना? तेही जमत नसेल तर गप्प बस आणि आम्हाला चेंडूचा आवाज तरी ऐकू दे."

"सॉरी, मॅडम," गार्विन म्हणाला. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"मी सांगतेय. लिहून घे."

दुसऱ्या दिवशी त्याने नाव बरोबर घेतलं. पण इतकं जपून, प्रत्येक अक्षरावर थांबत, की जणू पोरगं परदेशी राजदूत आहे. ॲग्नेसने सुरी खाली ठेवली. "मूर्ख," ती फोनला म्हणाली, आणि त्याचा आवाज थोडा वाढवला.